कुकरच्या शिट्टीवरून उपटलेला तंबू

अन्याय झाला तो घोरपडे कुटुंबावर. २०१६ च्या जुलैमधल्या एका शनिवारी, भर दुपारी, कार्ल्सरूहेजवळच्या तळ्याकाठच्या एका कॅम्पिंगच्या जागेवर. गुन्हा काय? मृणाल घोरपडेच्या कुकरची शिट्टी झाली. शिक्षा काय? तंबू उपटा आणि चालते व्हा. ताबडतोब.

मी तेव्हा कार्ल्सरूहेमधल्या एका मोफत सल्ला केंद्रात कामाला होते. भेदभावाच्या तक्रारी हे माझं खातं. सोमवारी मृणाल आली. सोबत नवरा सचिन, लुडविग्सहाफेनला केमिकल इंजिनिअर, आणि उन्हाळ्यापुरते सांगलीहून आलेले सासू-सासरे.

"कॅम्पिंगला कुकर नेलातच कशाला?" मी विचारलं.

"बाबांसाठी," मृणाल म्हणाली.

"मग काय!" सासरे म्हणाले. "सगळी सुट्टी ब्रेडवर काढायला माझं पोट काय जर्मन आहे?"

आता नियम सांगते. अशा जागांवर दुपारी तीनपर्यंत मिटाग्सरूहे असते, म्हणजे सक्तीची शांतता. मृणालला ती माहीत होती. तिने आपल्या लहान लेकीला दबक्या आवाजात बोलायला लावलं, गाणी बंद केली, गाडी जागची हलवली नाही. आणि खिचडीचा कुकर लावला. शिट्टीलाही आवाज म्हणतात, हे आपल्यापैकी कोणाच्या डोक्यात येतं? आपल्या कानांना ती ऐकूच येत नाही, भूक लागलेली असल्याशिवाय. आजूबाजूला मात्र माणसं दचकून उठली. व्यवस्थापक आला आणि म्हणाला, "हे इथे चालत नाही. तुमच्यासारख्या लोकांसाठी हॉटेलं असतात." सगळ्यांच्या देखत सासूबाई अर्धवट शिजलेली खिचडी मांडीवर घेऊन गाडीत बसल्या.

"जाऊ दे ना, मृणाल," सचिन पुटपुटला. "आपण व्हिसावर आहोत. कंपनीत कळलं तर?"

"अरे, शिट्टी कुकरने मारली, तू नाही! ऑगस्टअखेर आई-बाबा परत जातायत. सांगलीत काय सांगतील, आम्हाला तळ्यावरून हाकललं? मला माफी हवी. आणि तीच जागा हवी, ते जायच्या आधी."

मी पत्र लिहायला बसले. कॉलेजपासून पत्रकं लिहिण्यात हात बसलेला, त्यामुळे तीन पानं आग ओकली. माझी बॉस हाइके हिने ती वाचून परत केली.

"नियम मोडला होता का?"

"हो, पण—"

"मग आरडाओरडा नको. फेरग्लाइश आण."

फेरग्लाइश म्हणजे तुलना. आमच्या कामात सगळं याच्यावर चालतं. तोच नियम दुसऱ्या कोणी मोडला आणि त्याला वेगळी वागणूक मिळाली, एवढं दाखवायचं. तेवढं दाखवता आलं की भेदभाव नव्हता हे सिद्ध करणं समोरच्याच्या गळ्यात पडतं.

पुढच्या शनिवारी मी तळ्यावर गेले. घोरपड्यांच्या रिकाम्या जागेशेजारी एक कॅराव्हॅन होती. तिथे दर उन्हाळा काढणाऱ्या फ्राऊ, म्हणजे श्रीमती, ब्रांट यांची. मी ओळख सांगितली तशा त्या लाल झाल्या.

"तक्रार मीच केली. मला वाटलं गॅसचं नळकांडं फुटतंय! मी फक्त बघून या म्हटलं होतं, हाकलून द्या नाही."

"याआधी दुपारी कोणी आवाज केला होता?"

"म्हणजे... माझ्याच नवऱ्याने. मागच्या उन्हाळ्यात. ड्रिल मशीन घेऊन बसला होता, छताला भोकं पाडत."

"मग?"

"व्यवस्थापक येऊन हसला. म्हणाला, तीननंतर कर."

"हे त्याच्यासमोर सांगाल?"

त्यांनी कॅराव्हॅनमध्ये बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. तो नको नको म्हणून मान हलवत होता. "सांगेन," त्या म्हणाल्या.

आम्ही नवं पत्र पाठवलं, एका पानाचं. मग घोरपडे आणि फ्राऊ ब्रांट यांच्यासह बैठक ठरली. व्यवस्थापक हाताची घडी घालून बसला होता. "नियम सगळ्यांना सारखा."

"मग ब्रांटसाहेबांची कॅराव्हॅन कधी हलवलीत?" मी विचारलं.

फ्राऊ ब्रांट बोलल्या, शेवटपर्यंत, नवऱ्याची भीड न बाळगता. तेवढ्यात सासूबाईंनी माझा हात दाबला. "अगं, माझं एक सांग त्याला. म्हणावं, कुकर बंद करा म्हणाला असतास तर मी स्वतः गॅस बंद केला असता. विचारायचं तरी होतंस." मी शब्दाला शब्द जर्मनमध्ये सांगितलं. त्याने घडी सोडली.

लेखी माफी त्याच आठवड्यात आली. नियम मोडला तर आधी तोंडी समज, सगळ्यांना, अशी पाटी दारावर लागली. आणि ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी घोरपडे त्याच जागेवर होते. पाणी पंधरा पावलांवर. तीन वाजून गेल्यावर मृणालने कुकर चढवला. फ्राऊ ब्रांट ताटली घेऊन आधीच हजर. "आइन्स, त्स्वाय, द्राय!" त्यांनी शिट्ट्या मोजल्या आणि गॅस बंद करायला त्याच उठल्या. सचिनने सगळ्यांना वाढलं, कंपनीतल्या दोन सहकाऱ्यांनासुद्धा. त्याने स्वतःहून बोलावले होते! मी नंतर बरीच प्रकरणं लढवली, पण एवढ्या ताठ मानेने कुठे जेवले नाही.

धडा छोटा आहे. चूक झाली म्हणून माणसाची किंमत कमी होत नाही, आणि चुकीला शिक्षा आडनाव बघून ठरवायची नसते.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, 'जाऊ दे' म्हणणं बंद करा. कोणी उठवलं तर कारण लेखी मागा. जर्मनीत दोन महिन्यांच्या आत लेखी दावा करा, नंतर कायदा ऐकून घेत नाही. आणि शेजारच्या तंबूला कोणी उठवत असेल, तर पडद्याआडून बघू नका. बाहेर या आणि जे पाहिलंत ते मोठ्याने सांगा.