सासरी गेलेली बहीण

नगर जिल्ह्यातल्या आमच्या देवळालीत गाय आजारी पडली तर लपवावी लागत नाही. फोन केला की जनावरांचे डॉक्टर मोटरसायकलवर येतात, गोठ्याशी बसून चहा पितात आणि शेजारी कुंपणावरूनच विचारतो, "काय झालं ओ मास्तर गाईला?" बहिणीचं मात्र मी असं काही होऊ दिलं नाही.

विधवा होऊन ती माझ्याकडे राहायला आली. माझी बायको आधीच वारलेली, घरात आम्ही दोघंच. तिला एचआयव्ही आहे हेही आम्हा दोघांनाच माहीत. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि नगर आम्हाला जवळ. पण तिथे गोळ्यांच्या खिडकीवर आमच्या चर्चमधली एक बाई कामाला होती, म्हणून मी बहिणीचं नाव दुसऱ्या जिल्ह्यात घातलं. एसटी बदलून जायचं. ती म्हणायची, "दादा, मला कुनी वळखलं तरी चालंल रे. गाडीत उलट्या व्हत्यात त्याचं बघ."

मी म्हणायचो, तुला नाही कळत. शाळेत शिकवून मी दोन गाईंचं दूध डेअरीला घालतो. धारा तीच काढायची. कळलं तर आपलं दूध कोण घेईल, ही भीती. धार काढणाऱ्याच्या हातातून हा रोग पसरत नाही, हे वर्गात मुलांना मीच शिकवत होतो.

पुढे ती खंगत गेली. आमच्या चर्चच्या मंडळीत आजारी माणसाच्या घरी जाऊन प्रार्थना करायची पद्धत आहे. बाया येतील, अंगावर हात ठेवतील, काय झालंय विचारतील. म्हणून एका रविवारी चर्चबाहेर मी सांगून टाकलं, "ती सासरी गेली." तेवढं बोललो आणि तिचा घराबाहेरचा रस्ताच बंद झाला.

मग गोळ्या मी एकटाच आणू लागलो. तिथल्या दवाखान्यातल्या नर्सबाई सांगायच्या, "पेशंटला आणा. रक्त तपासायचंय, खोकला आहे का ते बघायला हवं." मी म्हणायचो, पुढच्या वेळी. त्यांचे फोन येऊ लागले. शाळेत वाजला की मी कापायचो. शेवटी त्यांना तोंड दाखवायची लाज वाटायला लागली, आणि जाणंच सोडलं. गोळ्या संपल्या. तिने एकदाच विचारलं. मी म्हणालो, "आणतो."

गाईची कास दगडासारखी झाली त्या दुपारी डॉक्टर आले. इंजेक्शन देऊन हात धुता धुता थांबले.

"मास्तर, आत कोन खोकतंय?"

मी त्यांच्यापुढे टॉवेल धरला. आतून तीच बोलली, "मी हाय डॉक्टर. गाईचं झालं आसंल तर मलाबी बघा. तिचं नशीब मोठं, तिला घरपोच डॉक्टर."

मी त्यांना आत नेलं आणि खुशाल म्हणालो, "हिला एक सलाईन लावा. तुम्ही आलात तर कुणाला संशय येत नाही."

तिला पाहून ते दारातच थबकले. "येडे का काय तुमी? मी जनावरांचा डॉक्टर. हिला दम घेता येईना. मी गाडी सांगतो, नगरला चला आत्ताच्या आत्ता."

"अंधार पडू द्या. गावाच्या लेखी ती सासरी आहे."

"आजार काय हाय?"

मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा ते तोंडातून बाहेर काढलं. ते म्हणाले, "मंग त्याच्या गोळ्या आसत्यात की! माजा मेव्हना घेतो. ट्रॅक्टर चालवतोय गडी."

तरीही मी थांबलो. दूध आलं नाही तर चौकशी होईल म्हणून संध्याकाळचं दूध डेअरीला घालून आलो, आणि मग तिला गाडीत घातलं.

वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या का बंद केल्या?" बहीण तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणाली, "मीच कटाळले, बाई. दादा आनून द्यायचा." मी शेजारी उभा होतो. नाही म्हणालो नाही.

त्याच आठवड्यात ती गेली. सासरी असलेली बहीण माझ्या घरातून कशी न्यायची? नगरलाच माती दिली. तिथल्या चर्चचा एक अनोळखी पाळक, मी आणि जनावरांचे डॉक्टर. परत येताना त्यांनी विचारलं, "गावात काय सांगनार?"

"सासरी वारली."

"तुमचं तुमी सांगा. मला कुनी इचारलं तर गप बसंन. खोटं न्हाई बोलनार."

रविवारी मी सांगितलं. सगळी मंडळी उभी राहिली. तिच्या सासरच्यांनी शेवटपर्यंत तिची सेवा केली, त्या घराला देवाने धीर द्यावा, अशी प्रार्थना झाली. सगळ्यांबरोबर मीही आमेन म्हणालो.