मामाचा पहिला घास

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवी होती त्या बहिणीला तर नाहीच. माझ्या भाचीला वरचे दात आधी आले, आणि त्या भीतीने मी सव्वा महिना तिचं तोंड पाहायला गेलो नाही.

आमच्याकडे म्हणतात, लेकराला वरचे दात आधी आले की ते मामाच्या मुळावर येतं. मी चिखलीजवळच्या एका गावात शाळामास्तर होतो. भुताखेतांना भिऊ नका, असं पोरांना रोज शिकवायचो. पण माझे स्वतःचे दात असेच उलटे आले होते, आणि मी दीड वर्षाचा असताना माझे मामा विहिरीत पाय घसरून गेले. 'यानं मामाले खाल्लं,' हे ऐकतच मी वाढलो. त्यापुढे पुस्तकातलं शहाणपण कधी चाललं नाही.

बहीण अमडापुरात दिलेली. पोरीचं उष्टावण ठरलं होतं. पहिला घास मामाने भरवायचा, तोवर अन्नाचा कण तिच्या तोंडात जायचा नाही, ही त्या घरची रीत. चार दिवस आधी दातांची बातमी आली, आणि मी उलट निरोप धाडला की शाळेची तपासणी आहे, नागपूरहून साहेब येणार. दुसऱ्या मुहूर्तालाही साहेबच पुढे केले. मग बहिणीचं पत्र आलं. 'दादा, पोरगी अंगावर पीत नाही. तोंड लावते अन् किंचाळते. वाटीतलं दूध थुंकते. दुसरं काही देता येत नाही, तुझा घास व्हायचा आहे. निस्ती हाडं हाताले लागून राह्यली. तू काऊन येत नाही?' दातांचा शब्द तिने लिहिला नव्हता.

पत्र खिशात घालून मी अमडापूरला गेलो खरा, पण बहिणीच्या दारावरून न जाता मागच्या वाटेने टेकडीवर देवीपाशी गेलो. आणि देवीला काय मागितलं? 'आई, मला वाचव.' पोरीचं नाव माझ्या तोंडून निघालं नाही. 

उतरताना पायऱ्यांशी एक म्हातारी मनियारीण बांगड्यांची टोपली मांडून बसली होती. समोर बायांची गर्दी, मांडीवर वर्षाच्या आतली नात. माझा टोपी-सदरा पाहून ती म्हणाली, "ओ मास्तर, जरा धरा हिले. दोन हातानं बांगडी भरू का पोरगी सांभाळू?" मी काही बोलायच्या आत पोर माझ्या हातात आली, आणि तिने माझं बोट धरून कचकन चावलं. मी पाहिलं, तर वर दोन दात, खाली नुसती हिरडी.

"आजी, हिचे वरचे दात आधी आले?" मी विचारलं.

"हाव. काऊन?"

"मग... हिचा मामा?"

"तो का! तो पाहा तिकडे, भजे हाणून राह्यला." समोरच्या बाया हसल्या. म्हातारी बांगडी सरकवता सरकवता बोलत होती, "माहाच लेक हाय तो. भ्यायचं असतं तं पह्यले मी भेली असती. देणारा अल्ला, नेणारा अल्ला. लेकराच्या दोन दातात कायची ताकत, मास्तर?"

मग तिने नातीला घेतलं, बोटाने तिची हिरडी हलकेच चोळली, आणि ताकात कालवलेल्या ज्वारीच्या गार कण्या चाटवल्या. पोर मटमट खाऊ लागली. "हिरडी सळसळते तवा गरम झोंबते. आंधी चोळायचं, मंग गार द्यायचं."

मी तिथून जवळजवळ धावतच बहिणीच्या घरी गेलो. "आला का दादा? गेला वाटते तुहा सायेब नागपूरले!" ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. सासूबाई ओसरीवरूनच बोलल्या, "मामाची वाट पाहून पोरगी वाळली, आता तरी घ्या मांडीवर." मी घेतलं. तिच्या तोंडाकडे पाहिलं. एवढंसं तोंड, आणि ती मला पाहून रडलीसुद्धा नाही. खीर आली ती वाफाळती; मी ती थंड पाण्याच्या परातीत ठेवायला लावली. "मास्तरले हे कोणत्या बुकात सापडलं?" सासूबाईंनी विचारलं. मी हिरडी चोळत राहिलो. ती चावली, रुसली, पुन्हा चावली. मग गार खिरीचं बोट तिने चाटलं, आणि दुसऱ्यासाठी आ केला. वाटी संपेपर्यंत माझी टोपी, सदरा, मिशा सगळं खिरीने माखलं होतं. बहीण हसत होती, सासूबाई हसत होत्या, आणि मी, जन्मात पहिल्यांदा, मामा या शब्दाला न भिता हसत होतो.

संध्याकाळी पायऱ्यांशी गेलो, तर म्हातारी टोपली उचलून गेली होती. पुढच्या बाजारी विचारलं, त्यानंतरच्याही. कोणाला नीट सांगता आलं नाही. ती देवीने धाडली की अल्लाने, हा हिशेब मी करत नाही. मी भीतीपोटी मागितलं होतं, आणि देणाऱ्याने माझ्या हातात लेकरू दिलं. तेव्हापासून मागताना काय हवं ते मी सांगत नाही, ओंजळ तेवढी पुढे करतो.

भाची आता लग्नाची झाली आहे आणि मी धडधाकट आहे. बहीण अजून सर्वांना कौतुकाने सांगते, दादाच्या घासाने पोरगी जगली. तपासणी नव्हती, साहेब नव्हते, मी नुसता भ्यालो होतो आणि त्यापायी तिचं लेकरू उपाशी राहिलं, हे सांगण्याचं देणं मी तिचं अजून लागतो.