कूलरची नळी

बाबांच्या जुन्या गाडीतली पेट्रोलची रबरी नळी हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने मऊ पडून चिरली. दिल्लीत मोडलेलं काहीही कूलरच्या सामानाने दुरुस्त होतं, असा बाबांचा ठाम समज. त्यांनी कूलरची पारदर्शक नळी कापली आणि फिल्टरपासून कार्बोरेटरपर्यंत बसवून टाकली.

"बघ, आता पेट्रोल येताना दिसतं," ते खुशीत म्हणाले.

मला दिसलं ते एवढंच, की नळी सायलेन्सरच्या पाइपाला जवळपास टेकून गेली आहे, आणि तो पाइप तव्यासारखा तापतो. मी तसं म्हटलंही. "ही गाडी मी तुझ्या जन्माआधीपासून चालवतोय," असं उत्तर मिळालं.

रविवारी पानिपतला निघालो. माझी मुलगी मागच्या सीटवर झोपली होती. हायवेवर पेट्रोलचा वास यायला लागला. "जुन्या गाडीला वास असतोच," बाबा म्हणाले. मी काच खाली केली, तरी वास वाढतच गेला. शेवटी मी ओरडले, तेव्हा त्यांनी गाडी कडेला घेऊन बंद केली आणि बॉनेट उघडलं.

नळी मेणासारखी लोंबत होती. एक थेंब तापलेल्या पाइपावर पडला, चर्र झालं आणि वाफ उठली. मी मुलीला ओढून बाहेर काढलं आणि शेताकडे पळत सुटले.

वळून पाहिलं, तर बाबा तिथेच वाकून उभे होते, थेंबांखाली तळहात धरून. मी हाक मारली. त्यांनी दुसऱ्या हाताने खूण केली, अजून लांब जा.