शटर खाली ओढल्यावर

जयवंत हल्ली कुणाशी तरी बोलतो, आणि तिथं दुसरं कुणी नसतं. ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. भाजी चिरताना, बसच्या रांगेत, आत्ता हे लिहितानाही. सव्वीस वर्षांचा धडधाकट मुलगा माझा, विक्रोळीला कारखान्यात फिटर आहे. वेडबिड काही नाही. "आई, माझ्या डाव्या बाजूला कोणतरी उभं असतं गं," हे त्यानं मला सांगितलं, तेही भात जरा मऊ झालाय असं सांगावं तसं.

त्याचे वडील टेलिफोन खात्यात. आज रात्रपाळीला गेलेत. मला झोप येत नाही, म्हणून मुलाबद्दल लिहायला बसले आहे. लिहिलं की मन जागेवर येतं.

जयवंत लहानपणी बॅटरीचा सेल जिभेला लावून तो जिवंत आहे का ते बघायचा. मोठा झाल्यावर चाळीतल्या बिघडलेल्या वस्तू आपोआप आमच्या दाराशी यायला लागल्या. इस्त्री, मिक्सर, टेबलफॅन, कुणाचा गळका नळ. नळाचे वॉशर तो झिजलेल्या चपलेच्या रबराचे कापतो. हे म्हणतात, "माझ्या चपलांवर अर्धी चाळ पाणी भरते." तो हसतो तेही अर्ध्या ओठांनी, कारण तोंडात बहुतेक वेळा स्क्रू धरलेले असतात. लग्नाचा विषय काढला की म्हणतो, "आधी माझी स्कूटर चालू होऊ दे. मग बघू कोण मागे बसते ती."

ही स्कूटर म्हणजे माहुलच्या धर्मा कोळ्याकडून आणलेली जुनी लॅम्ब्रेटा. खाऱ्या वाऱ्यानं तिचा पत्रा पापडासारखा झाला होता. नव्या स्कूटरचा नंबर लागायला वर्षं जातात, तेव्हा हीच उभी करायची असं त्यानं ठरवलं. चाळीत जागा नाही. मग मुलुंडचे दशरथराव पुढे आले. ते यांच्या गावचे, दोन मजली घराचे मालक. त्यांनी स्वतःची गाडी विकल्यापासून खालचं गॅरेज रिकामं होतं.

"जयवंता, खाली काय वाटेल ते खोल," ते म्हणाले, "पण माझ्या झोपेची वाट लागली तर स्कूटरसकट तुला नाल्यात घालीन!"

म्हणून इंजिन चालू करायचं तर शटर खाली ओढून, असं ठरलं. गॅरेजला खिडकी नाही. शटरखाली वीतभर फट तेवढी तो ठेवायचा. पाळी संपली की मुलुंडला जायचा, उशीर झाला तर तिथंच चटई टाकून झोपायचा.

तो माणूस त्याच्या शेजारी उभा राहायला लागला तो इंजिनचं काम सुरू झाल्यावर.

"कसा बोलतो रे तो?" मी विचारलं.

"बोलत नाही गं. म्हणजे कानात नाही, मानेमागे. दहाचा पाना कुठे गेला असं मनात आलं, की तो म्हणतो, पायाखाली आहे. आणि असतो ना पायाखाली!"

"भीती नाही वाटत?"

"उलट बरं वाटतं. डोकं तेवढं दुखतं."

मग मांजराची पिल्लं मेली. गॅरेजमधल्या वरच्या फळीवर एक मांजर व्याली होती. एका सकाळी तिन्ही पिल्लं गार पडलेली. अंगावर ओरखडा नाही, एकमेकांना बिलगून झोपल्यासारखी. मी पाहिली ती. त्यांची इवलीशी तोंडं गुलाबी होती, जिवंत असताना होती त्याहून गुलाबी.

दशरथरावांच्या बायकोनं, शांताबाईंनी, तोंडावर पदर धरला. घर बांधताना त्या जागी एक विहीर बुजवली होती म्हणे. "जागेवाल्याला, तिथल्या राखणदाराला, काही दिलं नव्हतं आम्ही. आणि वहिनी, जयवंताचं तोंड बघा. कसं लालबुंद, सतेज दिसतंय. बाहेरचं लागलं की माणूस असाच दिसतो."

मी बी.ए. झालेली बाई. पण मुलाच्या बाबतीत मी शिकलेली राहत नाही. ह्यांनी गॅरेजमध्ये नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. शांताबाईंनी कोपऱ्यात दिवा लावला आणि बजावलं, जयवंत आत असेल तोवर दिवा विझता कामा नये. दिवा मात्र सारखा विझायचा. खालच्या फटीतून वारा येत होता, पण शांताबाईंना ते पटेना. "त्यानं नारळ घेतला नाही," एवढंच त्यांचं चाललेलं. शेवटी जयवंत वैतागला. गोणपाटं आणली आणि फट गच्च बुजवून टाकली. दिवा तेवायला लागला. सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही.

गेल्या रविवारी दुपारी मी डबा घेऊन गेले. जयवंत म्हणाला, "बस ना, ऐक इंजिन कसं बोलतं ते." शटर ओढलं, फटीत गोणपाट सरकवलं आणि किक मारली. मी उलट्या खोक्यावर बसले. निळसर धूर होता, बल्बभोवती कडं दिसत होतं, कोपऱ्यात दिवा शांत तेवत होता. कार्बोरेटरचा स्क्रू केसाएवढा फिरवायचा आणि मान कलती करून ऐकत राहायचं, असं त्याचं चाललं होतं. मला वाटलं, किती शांत आहे इथं. एवढा आवाज चालू असताना मला तसं वाटत होतं.

मग भिंतीवर टांगलेल्या टायरांमधून कुणीतरी म्हणालं, "नले."

नलिनीची नले मला फक्त माझी थोरली बहीण म्हणायची. ती जाऊन बरीच वर्षं झाली. मी तिकडे पाहिलं, आणि त्याच क्षणी जयवंतनंही मान वळवून तिकडेच पाहिलं.

"ऐकलंस ना?" तो म्हणाला आणि समजूतदारपणे हसला.

मी उठले. शटर कसं उचललं आठवत नाही. पायरीवर बसून उलटी झाली, डोक्यात घण पडत होते. थोडा वेळ उघड्यावर बसले तशी सगळं निवळलं. शांताबाई पाणी घेऊन आल्या. "तुम्हालाही भेटला ना? मोठं काहीतरी द्यावं लागेल, वहिनी."

आज संध्याकाळी जयवंतचा फोन आला, दशरथरावांच्या घरून. आवाजात आनंद मावत नव्हता. "आई, बोअर-पिस्टन बसला! आता नवीन पिस्टन रुळायला हवा. रात्रभर इंजिन स्लोवर चालू ठेवतो. दशरथकाकांनी एका रात्रीची परवानगी दिलीय, शटर पूर्ण खाली असेल तर. मी तिथंच झोपतो."

"एकटा?"

"एकटा कुठं?" तो म्हणाला.

तेव्हापासून माझं काळीज जागेवर नाही. मी त्या उभ्या राहणाऱ्याला घाबरते आहे असं मला वाटत होतं. आत्ता इथवर लिहून झाल्यावर लक्षात आलं, मुलाची हकीकत लिहायला बसले आणि त्याच्या जन्माचंच राहिलं. म्हणून ते आठवायला लागले.

जयवंत कोकणात झाला, माझ्या माहेरी. पावसाचे दिवस, बाळंतिणीची खोली, खाटेखाली कोळशाची शेगडी. गार वारा लागू नये म्हणून कुणीतरी दार घट्ट लावून गेलं. मी पडल्या पडल्या पाहत होते, पायाशी एक बाई उभी होती. ओळखीची वाटत होती. भीती वाटत नव्हती, डोकं दुखत होतं. तेवढ्यात शेवंती सुईण आली. दार तिनं लाथेनंच उघडलं, बाळाला उचलून अंगणात धरलं आणि सगळ्यांवर ओरडली, "दार कोणी लावल्यान? इंगळ्यांक वारो होयो, नायतर ते माणसाचो वारो खातत!" इंगळे म्हणजे शेगडीतले निखारे.

बाहेर आणल्यावर मी ओकले. बाई नाहीशी झाली होती.

डोकेदुखी, ओकारी, कुणीतरी उभं असल्याचा भास, आणि दार उघडलं की काही नाही. गॅरेजमध्ये शेगडी नाही, इंजिन आहे. वारा आत यायची एकच वाट होती, ती आम्ही दिव्यासाठी बुजवली. पिल्लं जागेवाल्यानं नेली नाहीत, इंजिनच्या धुरानं नेली. तेव्हा तर फट उघडी होती.

आज ती गच्च आहे, आणि जयवंत आत झोपलाय.

दशरथराव झोपेतून उठवलं म्हणून शिव्या देतील. शांताबाई म्हणतील, आईच्या अंगात आलं. माझं चुकलं असलं तर मुलुंडभर हसं होईल. होऊ दे. त्यांना काही समजावत बसायचं नाही. खाली पळा, शटर उचला, पोराला ओढून बाहेर उघड्यावर आणा, एवढंच सांगायचं. उचलेपर्यंत फोन वाजवत राहायचं.

फोन बाहेरच्या खोलीत आहे. उठते.