फळ्यावरची पाचवी ओळ

"कोनताच दिवस रिकामा नसते," हे लटारूचं ठरलेलं बोलणं. गोंडपिपरीकडच्या त्या गावात शाळेची घंटा वाजवता वाजवता त्याचे केस पिकले. निवृत्त झाला, तरी ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा काळा फळा त्यानं सोडला नाही. रोज सकाळी दिनविशेषाच्या चार ओळी लिहायचा आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचायचा. हल्ली माणसं मोबाईलमध्ये मान घालून पुढून निघून जात.

ऐकणारी एकच होती, त्याची बायको धुरपता. ती रोज विचारायची, "आज माहा दिवस हाय का?"

"तुहा एक जानेवारी," तो हसायचा. आधार कार्डावर अर्धं गाव एक जानेवारीलाच जन्मलेलं. खरी तारीख कोणी लिहून ठेवली होती?

उन्हाळ्यात धुरपता गेली. साऱ्या जगाचे दिवस पाठ, आणि बायकोचा ठाऊक नाही. ही सल लटारूला घरात बसू देईना.

सोळा ऑक्टोबरला धुरपताची थोरली बहीण बायनाबाई मुक्कामी होती. लटारूच्या मागोमाग येऊन ती ग्रामपंचायतीच्या ओट्यावर टेकली. खडू करकरला. "एकोणीसशे पाच, बंगालची फाळणी अमलात आली." शेवटी चौथी ओळ, "एकोणीसशे छप्पन, नागपूरच्या मागोमाग चांद्याले, म्हंजे आताच्या चंद्रपूरले, बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली."

"त्याच दिवशी तं धुरपता झाली," बायनाबाई म्हणाली. "सारं गाव बैलबंड्या जुपून चांद्याले गेलं. सुईन बी गेली. माय अवघडलेली, म्हनून आमी मागं. मी सात वर्षांची, मीच पानी तापवलं."

लटारूचा हात थांबला. "बाई, आजवर काऊन नाई सांगितलं?"

"तुमी कधी इचारलं, जवाई? तुमी तं लिहूनच राह्यले."

किती वर्षं ही ओळ त्यानं याच हातानं लिहिली होती. धुरपता समोर उभी राहून विचारायची, अन् तो या दिवशीही एक जानेवारी सांगून हसायचा.

तो वाकला. फळ्याच्या अगदी तळाशी, चौकटीला लागून, त्यानं बारीक अक्षरात लिहिलं, 'एकोणीसशे छप्पन, धुरपताचा जन्म.' ही एक ओळ त्यानं मोठ्यानं वाचली नाही. खडू खिशात टाकून तो, उन्हाळ्यात धुरपताला अखेरचं नेलं होतं, त्या तळ्याच्या वाटेला लागला.

बायनाबाईला अक्षर येत नव्हतं. ओळ कोणाची, हे मात्र तिला विचारावं लागलं नाही. धानाच्या बांधाआड त्याचं पांढरं डोकं दिसेनासं होईस्तोवर ती एकटी ओट्यावर बसून पाहत राहिली.