पंजाची पकड

बाहुलीकाकूंच्या नवऱ्याची सहा मशीनं शहरभर विखुरलेली होती. नाणं टाकलं की डुलणारा घोडा बुटांच्या दुकानाबाहेर, चेंडू उडवायचं मशीन केस कापायच्या दुकानात, मोटारशर्यतीची दोन बस डेपोच्या कँटीनमध्ये. उरलेली दोन पंजाची. काचेच्या पेटीत खेळण्यांचा ढीग, वर लोखंडी पंजा. दांडा फिरवून, बटण दाबून खेळणं उचलायचं आणि कोपऱ्यातल्या भोकात टाकायचं. त्यातलं एक धुलाईच्या दुकानात होतं, दुसरं सिनेमागृहाच्या दारात. त्यांतली खेळणी काकू घरीच शिवायच्या. सशाचा कान एक वेळ फाटेल, पण काकूंचा टाका उसवणार नाही, असा त्यांचा हात. बाहुलीकाकू हे नाव पडलं ते त्यावरूनच.

नवऱ्याला धंद्यात सगळे दादा म्हणत. एका सकाळी टेम्पोतून मशीन उतरवताना दादांचा पाय फळीवरून घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी तीन महिने पलंगावरून हलायचं नाही म्हणून बजावलं.

"मशीनं विकून टाकू," छताकडे बघत दादा म्हणाले. "मशीनवाल्यांच्या संघाचे अध्यक्ष घेतील. कधीपासून डोळा आहे त्यांचा."

"आणि तुम्ही उठून बसलात की करणार काय? माझे ससे मोजणार?" काकूंनी त्यांच्या उशाखालून चाव्यांचा जुडगा काढून घेतला. "कुठली चावी कशाची, तेवढं सांगा."

पहिल्याच आठवड्यात त्या धुलाईच्या दुकानात मशीनची काच पुसत होत्या. सातेक वर्षांची एक मुलगी आईचा हात ओढत आली. तिला निळ्या कानांचा हत्ती हवा होता. पंजा खाली आला, त्यानं हत्ती उचलला, अर्ध्यावर आणला आणि अलगद सोडून दिला. पुन्हा तेच. चौथ्यांदाही तेच. मुलगी रडली नाही की रुसली नाही. आईला एवढंच म्हणाली, "चल, त्याला बाहेर यायचंच नाहीये."

काकूंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. तो हत्ती शिवायला त्यांना दोन दुपारी लागल्या होत्या.

घरी येऊन त्यांनी दादांना विचारलं, तेव्हा दादा जरा ओशाळले. "अगं, पंजाची पकड आपण ठरवतो. पंधरा खेळांत एकदा घट्ट, बाकी वेळी ढिली. सगळेच तसं लावतात."

"म्हणजे मी एवढी वर्षं शिवतेय ते काचेत ठेवायला?"

"धंदा आहे तो."

"पाचात एकदा लावायची असेल तर कुठलं बटण?"

दादांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, "मागचं झाकण उघड. हिरव्या पट्टीवर छोटी चकती आहे. हळू फिरव."

महिन्याभरात सिनेमागृहाच्या दारात रांग लागायला लागली. पोरं ससे बगलेत मारून घरी जात आणि दुसऱ्या दिवशी भावंडांना घेऊन परत येत. काकूंची मात्र दमछाक झाली. दिवसा मशीनं आणि संध्याकाळी शिवण. शेवटी त्यांनी शेजारच्या दोघींना कापूस भरायला बसवलं.

मशीनवाल्यांची महिन्याची बैठक पहिल्या सोमवारी सकाळी भरायची, डेपोच्या कँटीनमध्ये. वीसबावीस पुरुष, चहाचे कप आणि कुणाचं मशीन कुणाच्या दुकानाच्या फार जवळ आलं याच्या तक्रारी. त्या सोमवारी विषय एकच होता.

"वहिनी, तुमच्यामुळे पोरं माझ्याकडे येऊन भांडतात," अध्यक्ष म्हणाले. गोदामात सगळ्यांसाठी सुट्या भागांचा साठा ठेवणारे हेच. "म्हणतात, तिकडे मिळतं, इथे का नाही? असं करून तुम्ही सगळ्यांच्या पोटावर पाय देताय."

"माझ्या मशीनपुढे रांग आहे, भाऊ. तुमच्यापुढे आहे का?"

कुणीतरी खोकण्याच्या निमित्तानं हसलं. अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "सभासद दादा आहेत. ते स्वतः येतील तेव्हा बोलू. तोवर गोदामातून काही मिळणार नाही."

काकू चहा न घेताच उठल्या. रस्ता ओलांडेपर्यंत त्यांनी तोंडावर काही दिसू दिलं नाही. घरी येऊन मात्र त्या शिवणाच्या मशीनपुढे नुसत्याच बसून राहिल्या. दादा पलंगावरून म्हणाले, "बारा वर्षांत अध्यक्षांना असं विचारायची माझी छाती झाली नाही." तेवढ्यानं काकूंना जरा बरं वाटलं.

आणि नेमकी शाळेची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी सिनेमागृहातल्या पंजाची दोरी तुटली. पंजा खेळण्यांत तोंड खुपसून पडला. दोरी गोदामात होती, म्हणजे नसल्यासारखीच. काकूंनी झाकण उघडलं, तुटलेलं टोक बोटांत धरून बघितलं, आणि घरी जाऊन गाद्या शिवायच्या जाड दोऱ्याच्या तीन पदरांचा पीळ घातला. तो बसवायला त्या परत सिनेमागृहात आल्या, तेव्हा दादा फोनवरून सांगत होते, "वरच्या चाकावरून घे. गाठ आतल्या बाजूला." तासाभरानं पंजा वर गेला, जरा लंगडत, पण गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मशीनजवळ वकील उभे दिसले. ते वकील नव्हते. तीस वर्षं मशीनं चालवत होते, पण प्रत्येक गोष्टीत वाद घालायचे म्हणून ते नाव. त्यांनी काचेला नाक लावून दोरीकडे बघितलं.

"हे काय लावलंय?"

"गादीचा दोरा."

वकील इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "हा चार दिवस टिकेल, फार तर पाच." त्यांनी खिशातून नव्या दोरीचं वेटोळं काढलं. "भांडायला आलो होतो मी. वाटेत विचार केला, दोरी तरी घेऊन जावी."

"मग भांडा ना."

"भांडतोच. पाचात एकदा परवडतं कसं, ते पटवून द्या."

काकूंनी पटवायचा प्रयत्न केला नाही. त्या म्हणाल्या, "तुमचं एक मशीन महिनाभर माझ्यासारखं लावून बघा. खेळणी मी देते."

वकिलांनी औषधांच्या दुकानातलं मशीन निवडलं. दुकानदार ते उचला म्हणून मागेच लागला होता. तिथली खेळणी पेटीतून काढली की रंग हाताला लागायचा, आणि वासानं शिंका यायच्या. काकूंनी ती सगळी काढून कासवं, बदकं आणि एक उंट भरला. तीन आठवड्यांनी त्याच दुकानदारानं मशीन दाराशी, सगळ्यांना दिसेल असं हलवायला सांगितलं.

त्यानंतरच्या बैठकीत वकील उभे राहिले. "मी या बाईंशी वाद घातला आणि हरलो," ते म्हणाले. "असं पहिल्यांदाच होतंय, तेव्हा लिहून ठेवा." मग त्यांनी औषधांच्या दुकानाची सगळी हकीगत सांगितली. अध्यक्षांनी ती मान खाली घालून ऐकली. त्यांचं मन पुरतं वळलं असं नाही. "ज्यानं त्यानं आपल्या मशीनचं बघावं, मी कुणाला अडवणार नाही," एवढंच ते म्हणाले. पण गोदाम उघडलं. आणि सगळे पांगल्यावर त्यांनी काकूंना दाराशी गाठलं, इकडे तिकडे बघितलं आणि विचारलं, "वहिनी, ते बदक... पन्नासेक मिळतील का?"

"मिळतील. पण आधी सभासदांच्या यादीत माझं नाव घाला. दादांच्या खाली नको, वेगळं."

अध्यक्षांनी मान खाजवली आणि वही मागवली.

आता काकूंच्या पुढच्या खोलीत शिवणाची चार मशीनं चालतात. दादा काठी घेऊन हिंडू लागले आहेत. दुरुस्ती ते बघतात, आणि पकड किती ठेवायची ते बायकोला विचारून. गेल्या आठवड्यात बालदवाखान्यातून निरोप आला: तपासणीसाठी थांबलेली मुलं कंटाळतात, एखादं मशीन ठेवाल का? काकू एका पायावर तयार झाल्या. कालच ते मशीन टेम्पोत चढवलं. फळी एका बाजूनं वकिलांनी धरली होती, दुसऱ्या बाजूनं अध्यक्षांनी, आणि दादा काठी टेकून दोघांना सूचना करत होते.

"तुम्ही लांबच उभे राहा," काकू म्हणाल्या आणि पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या.