मामा गप्प बसले तो दिवस

आमच्या आईचे धाकटे भाऊ, दौंडकडच्या खुटबावचे आमदार मामा, यांच्याइतका विरोध करणारा माणूस भीमेच्या दोन्ही काठांवर झाला नाही, आणि त्यांचा मतदारसंघ नेमका दोन्ही काठांवर होता. सत्तरच्या दशकात पक्षाच्या तिकिटावर निवडून आले आणि पहिल्याच अधिवेशनात पक्षाविरुद्ध बोलायला उभे राहिले. एस्टीत चढले की कंडक्टरशी वाद. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना वेळ टळल्याबद्दल भटजींना जाब. मामी सांगायची, ह्यांना भाजी आवडली तरी आधी हरकत घेतात, मग दोनदा वाढून घेतात. मी घराण्यातला पहिला बी.ए. गावानं सत्कार ठेवला, तर अध्यक्षपदावरून मामांनी सत्कारालाच विरोध केला. म्हणाले, "शिकून गपच बसणार आसंल, तर ह्याच्यात आन् आपल्या मेंढरांत फरक काय?" माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला सत्कार.

विधानसभेत त्यांचा दरारा मोठा, पदरात मात्र काही पडत नसे. हे रागानं सभात्याग करून बाहेर यायचे, तेवढ्यात आत यांचाच ठराव पुकारला जायचा आणि मांडायला कोणी नाही म्हणून बाद व्हायचा. एक विधेयक मात्र त्यांनी जिवापाड धरलं होतं. प्रत्येक वस्तीला स्मशानापर्यंत कायद्यानं वाट मिळावी. न्हावऱ्यातल्या आमच्या वस्तीची मयत उसाला वळसा घालून ओढ्यातून न्यावी लागायची, कारण मालक बांधावर पाय ठेवू देत नसे. माझे चुलते गेले तेव्हा ओढा भरून वाहत होता. कमरेएवढ्या पाण्यात खांदा द्यायला मामा पुढं होते. घरी येऊन ते कुणाशी भांडले नाहीत, म्हणून आम्ही घाबरलो.

विधेयक दोनदा पडलं. मामांचं नाव दिसलं की पक्षातली माणसं न वाचताच विरोध करायची. शेवटी मंत्र्यांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की, वाट आम्ही देतो, सरकारचं विधेयक म्हणून आणतो. पण तुम्ही बाजूनं बोललात तरी आमची माणसं बिथरतील. त्या दिवशी तोंड उघडायचं नाही.

विधेयक आलं त्या दिवशी मी विधानसभेच्या गॅलरीत होतो. समोरच्या बाकावरून कुणीतरी मुद्दाम विचारलं की, आज दौंडचा भोंगा बंद कसा? मामा अर्धे उठले. धोतर सावरल्यासारखं केलं आणि परत बसले. विधेयक मंजूर झालं.

वस्तीत पोचलं ते एवढंच, की आपल्या वाटेचा विषय निघाला आणि मामा एक शब्द बोलले नाहीत. विकले गेले, असं लोक म्हणू लागले. पुढच्या निवडणुकीत आमच्याच वस्तीनं त्यांना पाडलं. मी खरं सांगायला निघालो, तर त्यांनी माझा दंड धरला.

"आज ती सरकारची वाट हाय, म्हणून कुणी हात लावीत न्हाई. माझी हाय म्हणून कळलं, की मोडायला धा जण उठतील. ऱ्हाऊ दे."

मामलेदारांनी उसातून वाट आखून दिली. त्यानंतर वस्तीतले एक म्हातारे गेले, आणि मयत पहिल्यांदाच कोरड्या पायांनी निघाली. खांदा द्यायला मामा होते. पुढचा खांदेकरी मागं न बघता मामांना म्हणाला, "आबा, ह्या वाटेचं बोलणं झालं तवा तुम्ही गप होता म्हणं."

कंडक्टरलाही न सोडणारे मामा. मी त्यांच्याकडं पाहिलं.

त्यांनी खांदा बदलला. "व्हय," म्हणाले, "गप होतो." आणि चालत राहिले.